बोट लागते कुणाला

(खोडाळ्याजवळचा एक पाडा. भाताची आवणी उरकली आहे, दुपारची उघडीप आहे. थोरली जाऊ प्रमिला चुलीपाशी बसली आहे, धाकटी योगिता दारात उभी आहे.)

योगिता: थोडाच द्या ना, वहिनी. मूठभर. अख्खी बरणी कुठं मागतेय मी?

प्रमिला: मूठभर काय नि बरणीभर काय. नाय द्यायचा म्हणजे नाय द्यायचा. आवळ्याला जंगलात मी गेले, पायात काटे माझ्या मोडले, उकडून मीठ लावून पत्र्यावर वाळत मी घातला, माकडांच्या मागं मी धावले. तेव्हा कुठं होतीस गं तू?

योगिता: मी म्हणाले होते येते म्हणून. तुम्हीच म्हणालात, नको, तुझी नवी साडी फाटेल.

प्रमिला: मग? नसती फाटली? जव्हारच्या दुकानातली साडी ती. माझ्या नवऱ्यानं इतक्या वर्षांत जव्हारवरून माझ्यासाठी काय आणलं असेल तर उंदराचं औषध.

योगिता: वहिनी, उद्या सकाळच्या जीपनं निघायचंय त्यांना. पिशवी भरून झाली. एवढंच राहिलंय.

प्रमिला: निघू दे की. मी काय जीपपुढं आडवी पडलेय? दोन वर्षं दोघं भाऊ एका जीपनं बंदरावर जायचे. यंदा बोट चालवणाऱ्या तांडेलाचा निरोप आला, बोटीवर एकच खलाशी पायजे, आन् ज्याला बोट लागते त्यानं घरीच राहावं. झालं. तुझा मुकेश चालला, माझा देवराम राहिला. आता जाताना आवळापण आमचाच पायजे का?

योगिता: तुम्ही असं का बोलता? आम्ही थोडंच सांगितलं तांडेलाला?

प्रमिला: तुम्ही कशाला सांगाल? तुमच्या दारात आपोआपच सगळं चालत येतं. मोठा फोन आला, मिक्सर आला, आता बोटपण आली. माझ्या दारात काय येणार, ठाऊक हाय ना? भट्टीवाल्याचा मुकादम. दिवाळी झाली की येईल, जोडी नोंदवायला. भट्टीवर एकटा माणूस घेत नाय, नवरा-बायको जोडीनं लागतात. म्हणजे मी आलेच. आन् मी गेले की निशापण आली. आत्ता कुठं पहिलीत बसायला लागली पोर. पाटीवर स्वतःचं नाव काढते. ती तिथं जाऊन काय काढणार? विटा?

योगिता: निशाला मी सांभाळेन की. राहू दे माझ्याकडं.

प्रमिला: वा! म्हणजे नवऱ्याची बोट तुझी, आवळा तुझा, आन् आता लेकपण तुझीच.

योगिता: वहिनी!

प्रमिला: खोटं काय बोलले? शेजारच्या चंदनाच्या लग्नात, हळदीला, तुझा नवरा उभा राहिला मांडवात. देवराम कसा ओकतो त्याची नक्कल करून दाखवली. डोकं बादलीत घालून, डोळे बाहेर काढून. सगळा पाडा पोट धरून हसला. तूपण हसलीस. मी बघत होते तुझ्याकडं.

योगिता: दादापण हसले होते.

प्रमिला: तो हसणारच, त्याला काय अक्कल हाय? पण त्या दिवसापासून खोडाळ्याच्या बाजारात गेलं की चहावाला इचारतो, काय देवराम, आज पोट कसं हाय? माझ्या डोक्यावर पाटी असते. ती तिथंच टाकून घरी यावंसं वाटतं मला.

योगिता: मी सांगेन यांना, परत असं करू नका म्हणून. पण आवळा द्या. मी पाया पडते.

प्रमिला: आता पायापण पडायला लागली. आवळ्यासाठी? अगं, आवळा कशाला असतो? बोट लागते त्याच्या गालात धरायला. माझी आई मला घाटात गाडी लागायची म्हणून द्यायची, म्हणून मी देवरामला द्यायला लागले. तुझा नवरा तर वाघ हाय. त्याला बोट लागत नाय. मग त्याला कशाला पायजे?

योगिता: असंच. तोंडाला चव यायला.

प्रमिला: मग लोणचं दे.

योगिता: लोणच्यानं नाही थांबत.

प्रमिला: काय नाय थांबत?

योगिता: काही नाही. म्हणजे, चव. तोंड मळमळतं ना खाऱ्या वाऱ्यानं.

प्रमिला: तोंड नाय मळमळत. पोट मळमळतं.

योगिता: तेच.

प्रमिला: योगिता, इकडं बघ. खाली नको बघू. गेल्या वर्षी देवराम बरणी घेऊन गेला, त्याच्या आदल्या वर्षीपण घेऊन गेला. दोन्ही वेळा रिकामी आणली. मी खूश झाले, बोलले, खाल्ला बाबा सगळा, बरं वाटलं असेल. कुणी खाल्ला तो?

योगिता: मला काय माहीत? मी थोडीच बोटीवर होते?

प्रमिला: कुणी खाल्ला?

योगिता: वहिनी, तुम्हाला शपथ आहे, यांना सांगू नका मी बोलले म्हणून.

प्रमिला: मुकेशनं.

योगिता: किनारा सुटला की यांना काही सुचत नाही हो. पाणीसुद्धा ठरत नाही पोटात. मला लग्नानंतर सांगितलं, तेव्हा रडले होते. दादा नसते तर पहिल्याच खेपेला उतरवून दिलं असतं, म्हणाले. आता दादा नाहीत बरोबर. निदान आवळा तरी असू दे, म्हणून आले मी.

प्रमिला: आन् देवराम?

योगिता: दादांना कधीच बोट लागली नाही.

प्रमिला: कधीच?

योगिता: एकदासुद्धा नाही.

प्रमिला: म्हणजे मांडवात तुझा नवरा स्वतःचीच नक्कल करत होता. आन् माझा नवरा बसून टाळ्या वाजवत होता. बरं झालं. चांगलं झालं. बघ, येतोच हाय वावरातून. तू जायचं नाय. इथंच उभी राहा.

देवराम: नागलीत रान लय माजलंय. बेणायला उद्यापासून लागावं लागेल. पाणी दे गं.

प्रमिला: मिळेल. आधी सांग, बोट कुणाला लागते?

देवराम: आँ?

प्रमिला: साधं इचारलं. तुला लागते का तुझ्या भावाला?

देवराम: योगिता, तू बोललीस?

योगिता: माझ्या तोंडून निघून गेलं, दादा.

प्रमिला: तिच्याकडं नको बघू. ती निदान बोलली. तू दोन वर्षं मूग गिळून बसलास. माझ्यापुढं पोट चोळत बसायचास, आवळा जास्त घाल गं बरणीत, यंदा समुद्र खवळलाय. काय तोंड करायचास रे! मला तुझी दया यायची.

देवराम: नवीन होता तो. पहिलीच खेप. सकाळी आम्ही मासळी बर्फाच्या खणात भरत होतो, आन् हा ओकला तो थेट बर्फावर. सगळा बर्फ टाकावा लागला. तांडेल लाल होऊन आला, कोण ओकलं रे? नव्या पोराला पुढच्या बोटीनं परत धाडला असता. माझ्या तोंडातून निघालं, मी. मी जुना माणूस, मला काय काढणार? चार शिव्या दिल्या नि गेला.

प्रमिला: आन् मग?

देवराम: मग काय. एकदा बोललो तर बोललो. पुढं तेच चालू राहिलं.

प्रमिला: भाऊ ओकायचा आन् नाव तुझं लागायचं.

देवराम: नाव लागून काय होतं? अंगाला थोडंच चिकटतं?

प्रमिला: माझ्या अंगाला चिकटलं. पण ते राहू दे. मला सांग, तू काय करायचास? तो ओकत असताना?

देवराम: काय करणार? सांभाळायचो.

प्रमिला: कसं?

देवराम: आता ते काय सांगायचं.

प्रमिला: सांग. मला ऐकायचंय.

देवराम: बोट सुटली की त्याला मधोमध बसवायचो. नाळेवर, बोटीच्या तोंडाशी, लय आपटते. मध्ये कमी हालते. इंजिनाचा धूर नाकात जाऊ द्यायचा नाय, वाऱ्याकडं तोंड करायचं. खाली जाळ्यात बघू द्यायचं नाय. सांगायचो, लांब बघ, आभाळ टेकतं तिथं बघ. उपाशी ठेवलं तर जास्त होतं, म्हणून नागलीच्या भाकरीचा सुका तुकडा चावायला द्यायचा, थोडा थोडा. मग आवळा. तरी ओकारी आलीच तर एक हात कपाळावर धरायचा, दुसऱ्यानं पाठ चोळायची. झालं की मानेला गार पाणी. मग त्याच्या वाटचं जाळंपण ओढायचं.

प्रमिला: कुठला हात?

देवराम: काय?

प्रमिला: कपाळावर कुठला हात धरतोस?

देवराम: डावा. उजव्यानं पाठ.

प्रमिला: बरं. चांगलं येतं की तुला.

देवराम: शिकलो हळूहळू.

प्रमिला: मला नव्हतं ठाऊक तुला येतं. निशा पोटात होती तेव्हा आपण भट्टीवर होतो, आठवतंय? मी चिखल तुडवत होते. तुडवता तुडवता बाजूला जायची, ओकायची, तोंड पुसून परत यायची. सकाळी, दुपारी, पाणी प्यायलं तरी. तू कुठं होतास?

देवराम: तिथंच होतो.

प्रमिला: तिथंच होतास. विटांच्या थराला टेकून बिडी ओढत होतास. मला बोललास, लांब जाऊन ओक, मुकादम बघतोय.

देवराम: तेव्हा मला कळत नव्हतं, डोकं धरलं की माणसाला बरं वाटतं. बोटीवर कळलं.

प्रमिला: कळल्यावर घरी आलास तेव्हा मला सांगायचंस. मी काय, परत ओकले असते तुझ्यासाठी.

योगिता: वहिनी, दादांना नका बोलू. तुमच्याबद्दल ते किती चांगलं बोलतात बाहेर.

प्रमिला: बाहेर ना? मग बाहेर जाऊनच ऐकायला पायजे मला. तुझं बरं हाय बाई. तुझा नवरा तुझ्याजवळ रडतो. माझा नवरा भावाजवळ जागतो. सगळ्यांचं कुणी ना कुणी हाय. मी आपली आवळे वाळवते.

देवराम: काय लावलंस? भाऊ हाय तो माझा. त्याचा कसला हेवा करतेस?

प्रमिला: करते! लपवून काय करू? माझा जीव जळतो, देवराम. तिच्या साडीवर जळतो, मिक्सरवर जळतो, ते मला रोजचं झालंय. पण आज तुझ्या त्या डाव्या हातावर जळतोय. फोन दे.

देवराम: कुणाला?

प्रमिला: तांडेलाला. हरेशभाऊंना. त्यांना सांगते, बोट लागते ती ह्याला नाय, त्याला लागते. ज्याला लागत नाय त्याला न्या. तुमचाच नियम हाय ना?

योगिता: वहिनी, नको हो! यांना काढून टाकतील.

देवराम: प्रमिला, राहू दे. मुकेश खोडाळ्याला रेनकोट आणायला गेलाय, येईल एवढ्यात. आपण बसून बोलू.

प्रमिला: तू बसून बोललास तेवढं बास झालं. बाजूला सर, पडवीच्या टोकाला रेंज येते. हा फोन कानाला लावून ऐकू येत नाय, स्पीकरवरच मोठ्यानं बोलतो मेला, तेवढं बरं हाय. तुम्हीपण ऐका. लागला.

हरेश: हां, बोल देवराम. बर्फ भरतोय, पटकन बोल.

प्रमिला: देवराम नाय, मी त्याची बायको. प्रमिला.

हरेश: अरे वहिनी! बोला बोला. आवणी झाली काय?

प्रमिला: झाली. हरेशभाऊ, एक सांगायचंय. रागावू नका. बोटीवर ओकायचा तो देवराम नाय. त्याला बोट कधी लागलीच नाय. ते दुसरंच कुणी होतं. त्यानं आपलं नाव पुढं केलं.

हरेश: हे सांगायला फोन केला? वहिनी, माझं आयुष्य गेलं पाण्यावर. ज्याला बोट लागते त्याच्या तोंडाचा रंग काय लपतो? मुकेश पांढराफटक पडायचा आणि देवराम दोन-दोन ताटं भात खायचा. पहिल्या खेपेलाच कळलं मला.

प्रमिला: कळलं होतं? मग तुम्ही त्याला का काढलं?

हरेश: कुणाला?

प्रमिला: देवरामला. निरोप दिलात ना तुम्ही, ज्याला बोट लागते त्यानं घरी राहावं.

हरेश: मी? मी असला निरोप दिला नाय. यंदा मला तुमच्याकडचा एकच माणूस जमतोय, ते खरं. मी देवरामलाच फोन केला, विचारलं, दोघांतला कोण येतो? तो बोलला, मुकेशला घ्या. मी बोललो, अरे त्याचं पोट तुला माहीत आहे, तूच ये की. तर बोलला, नको भाऊ, मी भट्टीवर टिकतो, माझी बायकोपण टिकते, तो नाय टिकणार. मग मी काय बोलणार? हॅलो? वहिनी? कट झाला काय?

प्रमिला: नाय. चालू हाय.

हरेश: मग ठेवू काय?

प्रमिला: ठेवू नका, थांबा जरा. देवराम, हे खरं हाय? तो निरोप तूच बनवलास?

देवराम: त्याला भट्टीवर बघवणार नाय मला. धुळीनं त्याची छाती लगेच भरते. अंगात ताकद कमी. मुकादम ऐकून घेत नाय, तुला ठाऊक हाय. त्यापेक्षा समुद्र बरा. दोन-तीन दिवस त्रास होतो, मग सवय होते.

प्रमिला: मग तो टिकणार नाय. तू टिकशील.

देवराम: मी टिकेन.

प्रमिला: आन् मी?

देवराम: तू काय. तू टिकतेस की.

योगिता: दादा...

देवराम: काय चुकीचं बोललो? टिकतेच ती. बोटीच्या आधी भट्टीवर गेलीच ना इतकी वर्षं? एकदा तक्रार केली नाय.

प्रमिला: नाय केली. कुणापुढं करायची होती? रात्री हात सोलून निघायचे ते भाकरीच्या पिठात झाकायची मी. निशा झाली नि तू बोटीवर जायला लागलास, तेव्हा मी देवाला नारळ दिला. तुला सांगितलं, तू सुखरूप जा म्हणून दिला. खोटं बोलले. परत भट्टी बघायला लागू नये म्हणून दिला होता.

देवराम: हे तू कधी बोलली नायस.

प्रमिला: तुझा भाऊ कधी बोलला होता? त्याचं तोंड पांढरं पडलं तेवढ्यावर तुला कळलं. माझं तोंड काळं पडलं, उन्हानं, धुरानं, ते तुला दिसलं नाय. बघायलाच नाय आलास तू. आता भट्टीत घालायला मात्र माझं नाव पुढं केलंस. मला न इचारता. तांडेलाला आधी ठाऊक, मला आज ठाऊक.

हरेश: वहिनी, मी नंतर करू काय फोन?

प्रमिला: नको. तुम्ही ऐका. तुम्ही ऐकता तोवर हा माणूस खरं बोलेल.

योगिता: वहिनी, म्हणजे आता आम्ही जायचं का भट्टीवर? मी आणि हे?

प्रमिला: मला नको इचारू, योगिता. मला आत्ता तुझी कीवपण येते आन् बरंपण वाटतं. आन् बरं वाटतं त्याची लाज वाटते. दोन्ही एकदम चाललंय. मी देवी नाय. भट्टी काय असते ते मला माहीत हाय, शत्रूला नको. पण इतके दिवस ते माझ्या वाटचं होतं तेव्हा तुम्ही कुणी बोललात नाय, शत्रूला नको.

योगिता: मला माहीत नव्हतं हो. तुम्ही कधी चेहऱ्यावर दाखवलंत नाही.

देवराम: मुकेशला काय सांगू मी? पिशवी भरून बसलाय तो.

प्रमिला: ते मला नको सांगू. मी तुझा भाऊ नाय, तुझा तांडेल नाय. मी तुला जा पण सांगत नाय आन् राहा पण सांगत नाय. एकच सांगते. भट्टीच्या जोडीत माझं नाव द्यायचं नाय. मुकादम आला तर मी स्वतः त्याला सांगेन, ही बाई येत नाय. मग तू एकटा कसा लागतोस ते बघ.

देवराम: असं कसं बोलतेस?

प्रमिला: तोंडानं. पहिल्यांदाच बोलतेय, म्हणून तुला वेगळं वाटतं. बघ, फोन चालू हाय. त्याचा बर्फ वितळतोय. काय बोलायचं ते त्याला बोल.

हरेश: हां, तेवढं करा बाबा. दोघांतला कोण येतो एवढंच सांग, देवराम. मला उद्या माणूस पायजे.

देवराम: हरेशभाऊ.

हरेश: बोल.

देवराम: मी येतो उद्या.

हरेश: आणि मुकेश?

देवराम: त्याला मी सांगतो. तो रागावेल. रागावू दे.

हरेश: माझं काय, मला तूच पायजे होतास. पण मागाहून फिरू नको हां. तूच तर बोललास ना मला, भट्टीवर मी टिकतो, माझी बायकोपण टिकते.

देवराम: ते मी बोललो होतो, भाऊ. ती नव्हती बोलली.